एकोणीस नंबरचा गुडघा

भूगाव, ता. मुळशी
मंगळवार, ५ ऑगस्ट

प्रिय मृण्मयी,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. पन्नास वर्षं तुला पत्रं लिहिते आहे, हात आपोआप तिकडे वळतो. खोडणार होते, पण खोडलेला शब्द जास्तच डोळ्यांत भरतो, म्हणून राहू दे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू डॉक्टर होतेस आणि मी तुझ्या मागच्या बाकावरची हेमा. तू बोलतेस, मी हं हं करते. रविवारी तेच झालं. फोन ठेवताना तू जे शेवटचं वाक्य बोललीस, त्यावरही मी 'बरं' म्हणाले. त्या वाक्याकडे मी येणार आहे, पण सर्वांत शेवटी. त्याआधी तुला बाकीचं सगळं वाचावं लागेल.

साळूबाईंचं ऑपरेशन मागच्या मंगळवारी झालं. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या वरची कंडरा, मांडीचा स्नायू वाटीला बांधून ठेवणारा पट्टा, आरपार तुटला होता. तीन आठवडे तसाच राहिल्यामुळे त्याचं वरचं टोक आखडून मांडीत चढलं होतं. सर्जननी ते खाली ओढून शिवलं, पुरेना म्हणून मांडीच्या मागून एक पट्टी काढून जोड दिला. आता मांडीपासून घोट्यापर्यंत ब्रेस आहे आणि सहा आठवडे गुडघा वाकवायचा नाही. जिना कधी चढता येईल, असं त्यांच्या सुनेने, रेश्माने, विचारलं, तर सर्जन म्हणाले, आधी चालू तर दे. या सगळ्याचा अर्थ तुला माझ्यापेक्षा चांगला कळतो. हे पत्र तुला न कळणाऱ्या गोष्टींबद्दल आहे.

साळूबाई कोण, हे तू कधी विचारलं नाहीस. तुझ्या यादीत त्या 'वेदनारहित गट, क्रमांक एकोणीस' होत्या. माझं घर ज्या जमिनीवर उभं आहे, ती त्यांच्या सासऱ्यांची, हैबतरावांची, भाताची खाचरं होती. मी आणि जनार्दन प्लॉट बघायला आलो तेव्हा त्या बांधावर उभ्या होत्या आणि बोअर कुठे घेतली तर उन्हाळ्यात पाणी राहील, ते त्यांनीच दाखवलं. विकलेल्या जमिनीवर घर बांधणाऱ्याकडे माणसं सहसा बघतसुद्धा नाहीत. या दर दिवाळीला उरलेल्या दोन खाचरांतला आंबेमोहोर माझ्या दारात ठेवून जातात. जनार्दन गेले तेव्हा तेरा दिवस माझा डबा त्यांच्या घरून येत होता. तू तेव्हा सिंगापूरला परिषदेत होतीस. तू फुलं पाठवली होतीस. छान होती फुलं.

त्यांच्या जुन्या घराच्या जागी आता तीन मजले झालेत आणि चौदा खोल्या भाड्याने दिल्यात. कोणी लातूरकडचा, कोणी जळगावचा, सगळी कंपन्यांत जाणारी मुलंमुली. पाणी दोन वेळा सोडावं लागतं आणि टाकीचा कॉक आहे गच्चीवर. मुलगा किशोर आणि रेश्मा सकाळीच कामावर जातात, म्हणून कॉकची जबाबदारी साळूबाईंची. सकाळी चढून तो सोडायचा, तासाने पुन्हा चढून बंद करायचा, संध्याकाळी परत तेच. अडुसष्टाव्या वर्षी रोज चार वेळा तीन मजले. तुझ्या भाषणात याला 'कंडरेवरचा वारंवार येणारा भार' असं म्हटलं होतं. इथे त्याला पाणी सोडणं म्हणतात.

डिसेंबरात तुझा फोन आला तेव्हा मला किती आनंद झाला होता, ते आता आठवलं की स्वतःचीच चीड येते. सोनोग्राफीने गुडघ्याच्या कंडरा तपासायच्या, दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या गुडघ्यांत काय फरक दिसतो ते पाहायचं, त्यासाठी मुळशीतल्या पन्नाशीपुढच्या बायका हव्यात, आणि त्या बायकांशी नीट बोलणारं, फॉर्म भरणारं माणूस हवं. तू म्हणालीस, तुझ्यापेक्षा सुवाच्य अक्षर कुणाचं आहे, हेमा. शाळेतून निवृत्त होऊन मला पाच वर्षं झाली होती, जनार्दन जाऊन चार. लेक अपेक्षा बंगळूरला. माझ्या अक्षराची कुणाला गरज पडेल असं वाटलं नव्हतं. मशीन कायद्याने केंद्राबाहेर हलवता येत नाही, म्हणून दर मंगळवारी बायकांना गाडीत घालून बावधनला आणायचं ठरलं. काम संपलं की तू पांढरा कोट काढून खुर्चीवर टाकायचीस, मी थर्मासमधली कॉफी ओतायची आणि तू कॅम्पातून आणलेली आल्याची बिस्किटं आपण बुडवून खायचो. जशी शाळेत खायचो, डेस्कच्या झाकणाआड. त्या मंगळवारांसाठी मी सोमवारीच साडी काढून ठेवत असे. हे तुला सांगायला नको होतं, पण सांगितल्याशिवाय पुढचं खरं वाटणार नाही.

दुखणाऱ्या चाळीसजणी दोन आठवड्यांत मिळाल्या. न दुखणाऱ्या वीस मिळेनात. तू दर मंगळवारी यादी उलटवून बघायचीस आणि तुझ्या कपाळाला ती आठी पडायची, आठवीत गणित सुटलं नाही की पडायची तीच. एकदा तू हसत म्हणालीस, तुमच्या अख्ख्या तालुक्यात वीस धड गुडघे नाहीत का गं? मीही हसले. हसायला नको होतं.

फेब्रुवारीत साळूबाईंना मी आणलं. दारावरची ती पाटी, गर्भलिंगनिदान केलं जात नाही, त्यांनी एकेक अक्षर लावत वाचली आणि मोठ्याने म्हणाल्या, "आता गं बया, माज्या गुडघ्यात काय प्वार हाय का?" बाकावरच्या सगळ्याजणी पदर तोंडावर धरून हसल्या. तूही हसलीस, खोटं कशाला बोलू. मग त्या टेबलावर आडव्या झाल्या, लुगडं गुडघ्याच्या वर सरकवलं आणि दुसरा पाय आधी नीट झाकून घेतला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, वर गार जेली. वाटीच्या वर तो खुरप्याचा जुना व्रण आहे, तू बोट ठेवून विचारलंस हे काय, आणि त्यांनी विचारलं नव्हतं तेवढं सगळं सांगितलं, कोणत्या सालचा, कोणत्या बांधावरचा. तू ऐकत नव्हतीस, तू पडद्याकडे बघत होतीस. एवढ्या मंगळवारांत मलाही पडदा थोडा वाचता यायला लागला होता. चांगली कंडरा विंचरलेल्या केसांसारखी दिसते, एकसारख्या रेघांची. साळूबाईंच्या रेघा मध्येच थांबत होत्या आणि तिथे काळा खळगा होता. तुझा हात थांबला. मागे गेला. पुन्हा पुढे आला. तू त्या काळ्याच्या दोन टोकांना दोन अधिकच्या खुणा लावल्यास आणि इंग्रजीत मला विचारलंस, ही वेदनारहित गटातलीच ना? काहीच दुखत नाही? मी इंग्रजीत सांगितलं, काही नाही. तू म्हणालीस, इंटरेस्टिंग.

आठवतं तुला, शाळेत मराठी बोललं की सिस्टर कॉरिडॉरमध्ये गुडघ्यांवर बसवायच्या? म्हणून आपण मराठी लपवून बोलायचो, वहीआड, संडासाच्या रांगेत. आपल्या दोघींची ती चोरटी भाषा होती, त्यात गुन्ह्याची गंमत होती. आणि त्या दिवशी आपण दोघी, साठी ओलांडलेल्या बायका, एका बाईच्या उघड्या पायावर वाकून तिला कळू नये अशा भाषेत बोलत होतो. त्या आपल्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होत्या. तू त्यांना एकदा, फक्त एकदा, सरळ विचारू शकली असतीस. तुला मराठी येतं, मृण्मयी.

तू जेली पुसायला त्यांच्या हातात कागद दिलास आणि म्हणालीस, छान, झालं. साळूबाईंनी बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, डाक्टरीनबाई छान म्हनल्या. गावभर सांगितलं. एरवी एखादी लंगडत दिसली की त्या तिला म्हणायच्या, जा की टीव्हीत गुडघा बघून ये, माजा तर छान निघाला. चार महिने त्या छान निघालेल्या गुडघ्याने दिवसातून चार वेळा गच्ची चढत होत्या.

मे महिन्यात तू मला परिषदेला बोलावलंस. तिसऱ्या रांगेत बसवलंस, तुझं नाव पुकारलं तेव्हा मला भरून आलं होतं. मग पडद्यावर एक गुडघा आला, चेहरा नाही, फक्त गुडघा, आणि वाटीच्या वर खुरप्याचा व्रण. शेजारी तो काळा खळगा, दोन अधिकच्या खुणांमध्ये. तू म्हणालीस, अर्धीअधिक कंडरा फाटलेली आणि तक्रार शून्य, याचं हे एक सुंदर उदाहरण आहे. सुंदर. लोकांनी माना डोलावल्या. मग टाळ्या झाल्या आणि मीसुद्धा वाजवल्या. तिथून परत येताना चांदणी चौकापर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. तू म्हणालीस, दमलीस का गं? मी हो म्हणाले.

दोन जुलैला सकाळी साळूबाई कॉक बंद करून खाली येत होत्या. दुसऱ्या मजल्यावर गुडघ्यातून फटकन आवाज आला, वाळकी काडी मोडावी तसा, आणि त्या खाली बसल्या. भाडेकरूंनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना खाली आणलं. गावातल्या डॉक्टरांनी विचारलं, दुखतं का? या म्हणाल्या, "दुखत न्हाई वो, पाय तेवढा उचलंना झालाय." डॉक्टरांनी लचक म्हणून क्रेप बांधला. मी तेव्हा बंगळूरला होते. चोवीस तारखेला परत आले, त्यांना बघायला गेले आणि सहज म्हटलं, पाय जरा उचला बघू. त्यांनी दोन्ही हातांनी लुगडं धरून जोर लावला, मान ताठ झाली, कपाळावर घाम आला, आणि टाच गादीवरून हलली नाही. मला तो काळा खळगा दिसला. त्याच दिवशी त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं.

आणि तू रविवारी मला शास्त्र शिकवलंस. म्हणालीस, न दुखणाऱ्या कितीतरी गुडघ्यांत असं दिसतं आणि त्यांना आयुष्यभर काही होत नाही. जे दिसेल त्याच्या मागे लागलो तर निम्मं गाव टेबलावर झोपवावं लागेल. म्हणूनच तर हा अभ्यास आहे. दुखणं नसेल तर निष्कर्ष अभ्यासाच्या शेवटी कळवायचे, असं नियमात लिहिलेलं आहे, आणि तू नियमाबाहेर काही केलेलं नाहीस. हे सगळं खरं असेल. तू कधी खोटं बोलत नाहीस, हे मी सिस्टरनाही सांगितलं होतं. आठवीत जीवशास्त्राची बेडकाची बरणी तुझ्या हातून फुटली, सिस्टरनी विचारलं कुणी फोडली, तू गप्प बसलीस आणि मी उठून उभी राहिले. तेव्हाही तू खोटं बोलली नव्हतीस. तू फक्त गप्प होतीस. मी दोन तास गुडघ्यांवर होते, फॉर्मॅलिनच्या वासात, आणि मधल्या सुट्टीत तू मला अर्धी गुळपोळी आणून दिलीस. तुझ्यासारखी मैत्रीण नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं. तुला स्कॉलरशिप मिळायची होती ना, तुझ्या नावाला डाग लागून चाललं नसतं. माझं काय, मी कुठे डॉक्टर होणार होते.

काल साळूबाईंजवळ बसले होते. मला वाटलं होतं त्या रागावतील, निदान रडतील. त्या म्हणाल्या, मोसंबी सोलून ठेवलीये, खा. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "ताई, डाक्टरीनबाईंना तवा त्या टीव्हीत कायच दिसलं नसंल का वो?" मी मोसंबीच्या फोडी मोजत बसले. मृण्मयी, मी बत्तीस वर्षं वर्गात मुलांना शिकवलं की उत्तर येत नसेल तर उभं राहून 'येत नाही' म्हणावं. मला उत्तर येत होतं. मी म्हटलं, उद्या सांगते. आज सकाळी जाऊन सांगितलं. काय काय सांगितलं, तेच आता तुला लिहिते.

तुझं शेवटचं वाक्य होतं, "हेमा, फॉर्म तुझ्या अक्षरात आहे, हे विसरू नकोस." विसरले नाही. उलट कुणाला ते आठवू नये म्हणून मी आतापर्यंत सगळा राग तुझ्यावर काढत आले, वरची पानं पुन्हा वाचून बघ. फॉर्ममध्ये प्रश्न होता, जिना उतरताना त्रास होतो का. साळूबाई म्हणाल्या होत्या, "चढताना कायच न्हाई. उतरताना मातुर कठड्याला धरून उलटी उतरते, म्होरं तोंड करून पाय टेकत न्हाई. पर त्याला काय दुखनं म्हनायचं? दुखनं म्हंजी मानूस खाटंला लागल्यावर." मला सगळं ऐकू आलं होतं. या बायका काम थांबेपर्यंत दुखण्याला दुखणं म्हणत नाहीत, हे मला इथे राहून पक्कं ठाऊक आहे, तुला ठाऊक नव्हतं आणि ते सांगायलाच तू मला ठेवलं होतंस. यादीत अठरा झाल्या होत्या. मी 'नाही' वर खूण केली. सुवाच्य. तुझी आठी जावी म्हणून, आणि तू म्हणावंस, 'हेमा, तू नसतीस तर', आणि मंगळवार चालू राहावेत म्हणून. त्या एकट्याच नाहीत. वीसपैकी नऊजणींच्या फॉर्मवर मी असं केलं आहे. शनिवारी हॉस्पिटलमधून निघाले ती साळूबाई सोडून बाकीच्या आठजणींच्या दारात गेले, कालपर्यंत सगळ्या संपवल्या. या वेळी दुखतं का असं विचारलं नाही. संडासातून उठताना काय धरता, देवाला खाली बसता की खुर्चीवरून हात जोडता, जिना कोणत्या तोंडाने उतरता, असं विचारलं. तुळजाबाई नळाला धरून उठतात. एकजण दीड वर्षापासून जमिनीवर बसलेली नाही. सोबत नऊ नावं आणि क्रमांक जोडले आहेत, माझ्या सहीने, की या फॉर्मवरच्या खुणा खोट्या आहेत आणि त्या मी केल्या आहेत. याचीच एक प्रत आज सकाळी तुमच्या हॉस्पिटलच्या, असे अभ्यास तपासणाऱ्या समितीला रजिस्टरने पाठवली. तुझ्याविरुद्ध त्यात एक ओळ नाही, तुझं तू बघ. पण आता या नऊजणींना वेदनारहित म्हणता येणार नाही आणि शेवटपर्यंत थांबायचा तुझा नियम त्यांना लागू होत नाही. तुझ्या मशीनमध्ये त्यांच्या गुडघ्यांची चित्रं पडून आहेत. त्यांतल्या कुणाकुणाच्या रेघांना तू त्या दोन खुणा लावल्या आहेस, ते फक्त तुला माहीत आहे, आणि मला तेवढंच हवं आहे. हे पत्र त्यासाठी आहे, भांडणासाठी नाही, भांडायला मला पुष्कळ वेळ आहे. गुरुवारी अकरा वाजता मी त्या आठजणींना घेऊन तुझ्या बाकावर येऊन बसेन. किशोर त्याच्या आईचा निरोप घेऊन येणार आहे, तो मी तुला सांगणार नाही, त्याच्या तोंडून ऐक. पडदा त्यांच्याकडे वळव, एकेकीला तिचा गुडघा दाखव आणि काय दिसतं ते मराठीत सांग. कॉफी आणणार नाही.

तुझीच (हे मात्र सवयीने नाही, विचार करून लिहिलं आहे),
हेमलता